मामींची चित्राहुती

आमच्या ऊसी मामी भर पंक्तीत पोटाला सुई टोचून घ्यायच्या. लग्न असो, मुंज असो, केळीच्या पानावर आंबटवरण पडायच्या आत कांजीवरमचा पदर जरासा बाजूला व्हायचा आणि इन्सुलिनचं पेन बाहेर यायचं. पुरुषमंडळी पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालत असायची, तेवढ्यात मामींचा खणखणीत आवाज, "थांबा, थांबा! माझी चित्राहुती राहिली!" समोरच्या एखाद्या काकांना हमखास ठसका लागायचा. मामींना तो ठसका फार प्रिय होता.

ऊसी म्हणजे तमिळमध्ये सुई. चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या आमच्या इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव मामींनी कौतुकानं मिरवलं. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, जन्म चेन्नईतला. महाराष्ट्र एकदाच पाहिलेला, आणि "तिथं सगळे फार भराभरा बोलतात गे," एवढंच त्यांचं त्यावर मत. मी सांगलीची, नवऱ्याच्या पेरुंगुडीतल्या नोकरीपायी इथं आलेली. एकदा लिफ्टमध्ये मी मुलीला मराठीत झापत होते, तर मागून आवाज आला, "अय्यो, किती वरडतीस गे पोरीला!" मी दचकलेच. त्या दिवसापासून मामी आमच्या झाल्या, किंवा खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्या ताब्यात गेलो.

मामींच्या फ्रिजमधला अंड्यांचा कप्पा इन्सुलिनच्या बाटल्यांनी भरलेला असे. "आमच्यात अंडी येत नाहीत, मग कप्पा काय शोभेला ठेवायचा?" त्यात वॉचमन मुरुगनची बाटली, इस्त्रीवाल्याच्या बायकोची बाटली. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळायचं, पण या माणसांच्या घरी फ्रिज कुठला? "औषध दिलं नि गारवा दिला नाही, तर काय ते उकळून प्यायचं?" असं म्हणून मामी सरकारचा उद्धार करायच्या. पुराच्या वर्षी वीज गेली, तेव्हा त्यांनी सगळ्या बाटल्या मडक्यात घातल्या, मडकं ओल्या वाळूत बसवलं आणि शेजारी खुर्ची टाकून पहारा दिला. खाली रस्त्यावर गाड्या तरंगत होत्या, आणि या वरून ओरडत होत्या, "मडक्याला हात लावाल तर टोचीन!"

आमच्या मुक्ताला आठव्या वर्षी मधुमेह निघाला. इन्सुलिनशिवाय चालतच नाही, असला. सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. "कुणाला सांगितलं नाहीस ना? उद्या लग्न व्हायचंय पोरीचं." फोन स्पीकरवर होता. शेजारी बसलेल्या मामींनी तिथूनच ठणकावलं, "मुलगा बघायला मीच येते. आधी त्याची शुगर मोजते, मग पत्रिका!" सासूबाईंनी मला पुढे कितीदा तरी विचारलं, ती बाई कोण होती म्हणून.

पण शाळेत मामींचा आवाज पोचत नव्हता. मुख्याध्यापिका मॅडम आमच्याच इमारतीत राहायच्या. बाई सज्जन, पण हट्टी. "वर्गात सुई नको. बाकीची मुलं घाबरतात, पालक तक्रारी करतात. बाथरूममध्ये टोचून घेऊ दे." शाळेचं बाथरूम! ओली फरशी, तुटकी कडी आणि दाराबाहेर खिदळणाऱ्या मुली. मुक्तानं दुपारची सुई टाळायला सुरुवात केली. विचारलं की "टोचली" म्हणून सांगायची. एका दुपारी पोर ओकायला लागली, धापा टाकायला लागली आणि तशीच आयसीयूत गेली. मी बाहेरच्या बाकावर बसून रडत होते, आणि मॅडमच्या नावानं बोटं मोडत होते.

मामी दहीभाताचा डबा घेऊन आल्या. त्या दिवशी एकही विनोद केला नाही. म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण सासरी लपवून ठेवायची गे. औषधही लपून घ्यायची, जमलं तर. लोक म्हणतात साखरेनं गेली. लाजेनं गेली ती." मग माझ्या हातात चमचा देऊन म्हणाल्या, "जेव. मॅडमचं मी बघते."

मुक्ता बरी होऊन घरी आली आणि नवरात्र आलं. इथं नवरात्रात घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, गोलू म्हणतात त्याला. गोलूला बोलावलं तर कुणी नाही म्हणत नाही. मामींच्या गोलूत ढेरपोट्या वाण्याची बाहुली असे. त्या वर्षी त्याच्या हातात तराजूऐवजी सुई होती. मामींनी आमच्याबरोबर मॅडमनाही जेवायलाच ठेवून घेतलं. पुरणपोळी वाढायची वेळ झाली, तशा मॅडम पर्स घेऊन उठल्या.

"बाथरूम कुठं?"

"तुंबलंय हो," मामी तमिळमधून म्हणाल्या. दाराला हे भलंमोठं कुलूप!

मॅडमचा चेहरा पडला. मला काहीच कळेना. मामींनी आम्हाला गोलूकडे पिटाळलं आणि मॅडमसमोर आपला पदर आडवा धरला. "लग्नाकार्यात बघते की मी. जेवणाआधी पर्स घेऊन बाथरूमला जाते, ती माझ्याच जातीची. टोचा निवांत." पदराआड पर्सची चेन वाजली. मग मामी हळूच म्हणाल्या, "तुम्हाला माझा पदर मिळाला. त्या लेकराला शाळेत कुणाचा मिळतो?"

मॅडम पोळी जेवून घरी गेल्या. शाळा उघडली त्याच दिवशी मुक्ताला वर्गात, आपल्या बाकावर बसून सुई घ्यायची परवानगी मिळाली. मॅडमचं गुपित मामींनी कधी कुठं फोडलं नाही. कुलूप मात्र किल्लीसकट वाण्याच्या पायाशी ठेवून दिलं.

पुढे काही वर्षांनी मामी गेल्या, त्या झोपेतच. त्यांचा फ्रिज आता आमच्याकडे आलाय, अंड्यांच्या कप्प्यासकट, आणि आमच्यातही अंडी बंद झालीत. तेराव्याच्या जेवणाला आम्ही सगळे होतो. मामींच्या मुलानं चित्राहुती घातली, वाढपी "चालू करा" म्हणाला, आणि माझ्या शेजारून आवाज आला.

"थांबा. माझी चित्राहुती राहिली."

मुक्ताचा आवाज मामींइतका खणखणीत नव्हता, मधेच फुटला. सगळ्यांचे हात पानावर थांबले. दोन पानं सोडून बसलेल्या मॅडम सवयीनं पर्स घेऊन अर्ध्या उठल्या होत्या. त्यांनी मुक्ताकडे पाहिलं आणि परत खाली बसल्या. आता आडोसा धरायला कुणाचा पदर नव्हता. त्यांनी आपलाच पदर जरासा बाजूला केला आणि पर्स उघडली.

समोरच्या काकांना जोरात ठसका लागला.