मालिनीताईंचं उकळतं पातेलं

चारुदत्तने ते पातेलं नुसतं घासलं नाही, लखलखीत केलं. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या त्या इमारतीत त्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मालिनीताई बहिणीकडे गेल्या होत्या. किल्ली देताना म्हणाल्या, "चारू, पातेल्यातल्या रश्श्याला रोज एक उकळी दे. बाकी हात लावू नकोस." दोन दिवस त्याने इमानाने उकळी दिली. तिसऱ्या दिवशी त्याच्यातल्या पुणेकराने उचल खाल्ली. सकाळची भाजी संध्याकाळी शिळी ठरवणाऱ्या घरातला माणूस तो. तो काळाकुट्ट मटणाचा रस्सा त्याने सरळ बिओम्युलच्या, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात ओतला आणि ताईंना आयतं स्वच्छ पातेलं मिळणार म्हणून खूशही झाला.

रस्सा कित्येक वर्षांचा होता.

ताई परतल्या, त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं, आणि कोट न काढताच खुर्चीवर बसल्या.

"नाताळला काय वाढू आता सगळ्यांना?"

नाताळ परवावर आला होता.

मालिनीताई रामदीन मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या. तिथल्या रुपुनुनीच्या माळावर माणसांपेक्षा गुरं जास्त, आणि शेजारी म्हणजे घोड्यावरून अर्धा दिवस. बापाचे पूर्वज उसाच्या मळ्यावर आलेले बिहारी, आई माळावरच्या मकुशी आदिवासींतली. बापाचं तांदूळ-मिठाचं दुकान. गिऱ्हाइकं कसावाची, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाची पोती आणत, सुकी मासळी आणत, नशीब उघडलं तर चिमूटभर सोनंही. कुणी गाय कापली की वाटे घरोघर जात. मांस टिकवायला वीज नव्हतीच. मग कसावाचा रस आटवून काळा करायचा, त्यात मांस टाकायचं आणि रोज उकळायचं. नवं घालत राहायचं, जुनं संपू द्यायचं नाही. बिहारी, मकुशी, आफ्रिकी, कुणीही दारात आलं तरी पातेलं एकच.

एर्लांगेनला येऊन त्या दवाखान्यात नर्स झाल्या, पण कायदा माळाचाच पाळला. जिथे लोक एकमेकांना घंटीवरच्या पाटीपुरते ओळखत, तिथे यांनी वाडगा घेऊन प्रत्येक दार वाजवलं. जिन्यातल्या चपलांवरून तक्रारीच्या चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या शेजारीण फ्राऊ होल्झलही आता नाताळच्या सकाळी पाव घेऊन सर्वांच्या आधी हजर असतात. अख्खी इमारत त्या पातेल्यातून जेवते.

आणि ते पातेलं चारुदत्तने घासलं होतं.

"मी केक आणू का सगळ्यांसाठी?" त्याने चाचरत विचारलं.

"केक तर बेकरीतही मिळतो," ताई उठल्या. कपाटातून कसावाच्या आटीव रसाची बाटली काढली. "जा, तुर्की खाटकाकडून मटण आण. पायाची हाडंही आण. म्हणावं, मालिनीला हवीत."

चारुदत्त जन्मात पहिल्यांदा खाटकाच्या रांगेत उभा राहिला. घरी अंडंसुद्धा बायकोकडून फोडून घेणारा हा माणूस आता बाह्या सारून सिंकपाशी हाडं धूत होता. शेजारी ताई मिरच्या चिरत होत्या, दालचिनी मोडत होत्या. काळा रस पातेल्यात पडला. चांगला वास सुटला, तसा त्याला धीर आला.

"ताई, तुम्हाला राग नाही ना आला?"

"आलाय. हाडं नीट धू."