मंगळवारचं जेवण, तुर्कस्तानात

मुलाला तुर्कस्तानात नोकरी लागली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी महिनाभर त्याच्याकडं राहायला गेले. मुरुमहून निघताना शेजारीण म्हणाली, "बाई, तिकडं खायाचं काय करताल?" मी म्हणाले, "पोरगं हाय की." पण पोरगं सकाळी कामावर जायचं ते अंधार पडता पडता उगवायचं.

एका दुपारी घरातली शेगडी काही केल्या पेटेना. सगळी बटणं दाबून झाली. शेवटी भूक आवरेना म्हणून इमारतीखालच्या खानावळीत शिरले. मी कधी उमरग्याच्या स्टँडवरसुद्धा एकटी हॉटेलात बसले नव्हते. आणि बसले ती एकदम परमुलखात.

गल्ल्यावर माझ्याच वयाची, डोक्याला रुमाल बांधलेली बाई होती. तिनं काहीतरी विचारलं. त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला, "चोर्बा". आमच्याकडं मटणाच्या रश्शाला शोरबा म्हणतात. त्या दिवशी होता मंगळवार, तुळजापूरच्या देवीचा. मंगळवारी मी मटण खात नाही.

"न्हाय, न्हाय, मटण नगं," मी म्हणाले. तिला कळेना. मग मी शेळीसारखं 'बें' करून दाखवलं आणि दोन्ही हात हलवले. पलीकडं जेवणारा माणूस हसला. बाईनं मान डोलावली, आत गेली आणि मटणाची ताटली घेऊन आली.

ढकलावी तर तिचा अपमान, आणि खाणं तर शक्यच नव्हतं. उठून जावं का, तेही सुचेना. इतकी वर्षं पोरांना शिकवलेली बाई मी, पण डोळ्यांत पाणी आलं.

ते बघून ती गडबडली. मग माझं मनगट धरून मला थेट आत चुलीपाशी घेऊन गेली आणि पातेल्यांवरची झाकणं उचलून दाखवू लागली. एकात पिवळसर काहीतरी रटरटत होतं. मी संशयानं बघतेय म्हटल्यावर तिनं डब्यात हात घातला आणि माझ्यासमोर मूठ उघडली. मसुराची डाळ!

"व्हय, व्हय, हेच!" मी जवळजवळ ओरडलेच.

"चोर्बा," ती म्हणाली. म्हणजे मघापासून ती मला डाळच विचारत होती.

वाटीभर डाळ, लिंबाची फोड, जाडसर पाव. वाटी रिकामी झाली की ती भरायची. निघताना मी पर्स उघडली, तर तिनं ती मिटली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "मिसाफिर." मुसाफिर, म्हणजे वाटसरू. आता वाटेला लाग, असं तर म्हणत नसेल? आपलं काही चुकलं का? मुलगा येईपर्यंत जिवाला घोर लागला. तो हसून म्हणाला, "अगं आई, इथं मिसाफिर म्हंजी पाहुणा."

दुसऱ्या दिवशी मी गावाकडून नेलेली शेंगाचटणी घेऊन गेले. तिनं बोटानं चाखली, हाशहुश केलं, पुन्हा चाखली. मग माझ्यासमोरच जेवायला बसली. जेवता जेवता तिनं भिंतीवरचा फोटो दाखवला. शाळेच्या कपड्यातली एक मुलगी. बाई खूप वेळ बोलत राहिली. मधेच हसायची, मधेच तिचा आवाज बसायचा. ही तिची लेक लांब कुठं नांदतेय, की आता या जगातच नाही, की लहानपणची ती स्वतःच? काहीच उमगेना. हसायची भीती, हळहळायची भीती. मी तिच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "गोड हाय हो लेकरू." तिनं मान हलवली. ती होकाराची होती का नकाराची, देव जाणे.

"मी विचारून येऊ का तिला?" मुलानं विचारलं. मी नको म्हणाले. तिनं मला सांगितलेलं दुसऱ्याकडून कळून घेणं बरं वाटेना. मग मी रोज दुपारी तिथंच जेवले. ती तिचं सांगायची, मी माझं.

निघायच्या दिवशी ती हात पुसत गाडीपर्यंत आली आणि गाडी वळेस्तोवर रस्त्यात उभी होती.