शेवटच्या ओळीची पेटी

निजामाच्या अमलात वसमतच्या बाजारात एक कारागीर बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा. भात्यातून हवा गळते का, हे बघायला तीन-चार पट्ट्या एकदम दाबायची त्याची रीत. त्यातले कोणते सूर एकमेकांशी गोडीनं नांदतात, हे त्याच्या कानानं तेव्हाच टिपून ठेवलं असावं. आमच्याकडे भजनातला पेटीवाला गाणाऱ्याच्या मागं एकेक सूर वाजवत जाई. हा मात्र एका सुराखाली तीन-तीन सूर अंथरायचा.

मी तिथल्या शाळेत मास्तर; स्वतः बांधलेली भजनाची चाल त्याच्याकडं घेऊन गेलो. तो एक ओळ ऐके, पट्ट्यांच्या फटीत कडब्याची चिपाटं खोचून सूर दाबून धरी, मान हलवी आणि चिपाटं काढून दुसरीकडं खोची. आठ दिवसांत सगळ्या ओळींना सूर मिळाले. शेवटचीला मिळेनात.

"चाल बदलू का?" मी विचारलं.

"काहून? चाल बराबर हाय, मास्तर. मलाच सूर सापडून न्हाई राहिला."

रामनवमीला देवळात त्याच्या पेटीच्या साथीनं मी ती चाल म्हटली. शेवटच्या ओळीवर त्यानं पट्ट्यांवरून हात उचलले. मी एकटाच गात राहिलो. बांधताना मलाही ती ओळ इतकी स्वच्छ ऐकू आली नव्हती.

लोक हसले. "दुसऱ्याच्या पेट्या दुरुस्त करतो अन् सोताची बंद पडली!"

"व्हय, पडली," तो म्हणाला आणि भात्याची कडी लावू लागला.

लोक माझी पाठ थोपटत होते. पेटी बंद पडली नव्हती, हे ठाऊक असूनही मी ती शाबासकी घेत राहिलो.