खरा आपटा

दसऱ्याच्या संध्याकाळी कुणी माझ्या हातावर कांचनाचं पान ठेवलं की माझं डोकं फिरायचं. मी बीडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, आणि चुकीचं सोनं घेऊन गळाभेट करणं मला जमायचं नाही. लोक दारात हसत उभे असायचे आणि मी त्यांना पानाची लांबीरुंदी समजावत बसायचो. सणाच्या दिवशी तरी मास्तरकी खुंटीला टांगा, असं बायको म्हणायची. तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

तशी चूक होणं साहजिक आहे. आपटा आणि कांचन दोन्ही बौहिनिया या एकाच प्रजातीतले. दोघांचंही पान टोकाशी दुभंगलेलं, बैलाच्या खुरासारखं. पण आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंद, जाड, खरबरीत. मागून करडं आणि लवदार. कांचनाचं मोठं, लांबट. आपट्याची फिकट पिवळी फुलं उन्हाळ्यात येऊन जातात, कुणाच्या नजरेत भरत नाहीत. कांचनाची गुलाबी-जांभळी, रस्त्यावरून दिसतात. कांचनाची शेंग वाळली की फटकन उकलते. आपट्याची जाड, वाकडी, काळपट शेंग न उकलता महिनोन्महिने झाडालाच लोंबत राहते. बागेत लावलेला असतो तो बहुतेक कांचन. आपटा मुरमाड माळावर हुडकावा लागतो.

मला हुडकून एकच सापडला, नेकनूरच्या अलीकडे, एका बाईच्या बांधावर. वाकडं खोड, भेगाळलेली काळी साल, खाली झुकलेल्या फांद्या. मी शेंगा वेचायला वाकलो तशी ती हातातलं खुरपं टाकून धावत आली. त्या बाजूला पाय देऊ नका, म्हणाली. मग शांतपणे सांगितलं. तिची पहिली मुलगी पाऊल टाकायच्या आतच तापानं गेली होती. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. खुणेला ठेवलेला दगड नांगरटीत हलला असता, म्हणून तिच्या सासऱ्यानं आपट्याच्या बुडाची जागा निवडली. झाड हीच खूण.

"सर, झाड बगा, शेंगा न्या," ती म्हणाली. "पर कुठं हाय ते कुनाला सांगू नका. दसऱ्याला लोक लई वाईट तोडतेत."

मी नाही सांगणार, असं कबूल केलं.

पुढच्याच भाद्रपदात शेवटच्या वर्षाची मुलं घेऊन मी त्या बांधावर गेलो. शिकवण्याच्या भरात शब्द विसरलो, असं म्हणणं सोपं आहे. विसरलो नव्हतो. मुलांना दाखवणं म्हणजे लोकांना सांगणं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. बाई त्या दिवशी शेतात नव्हती आणि त्यानं मला हायसं वाटलं होतं. पान उलटून दाखवलं, शेंग फोडून दाखवली, कांचनाची फांदी शेजारी धरून फरक वदवून घेतला. मुलांनी मोबाईलवर फोटो काढले. खरा आपटा कुठे मिळतो, हे चार दिवसांत सगळ्यांना कळलं.

त्या दसऱ्याला माझ्या दारात पहिल्यांदा खरी पानं आली. मी एकेक उलटून बघितलं. मागची करडी लव बघून मला आनंद झाला. ही पानं कुठली, हे मला त्या क्षणी समजायला हवं होतं. समजलं ते जेवताना.

दुसऱ्या दिवशी बस धरून गेलो. कंबरेएवढं खोड उरलं होतं. कोयत्यानं फांद्या उतरवून टेम्पो भरून नेल्या होत्या. त्या बुडाच्या जागेवरून चाकं गेली होती. बाई बांधावर बसली होती. मी लांबूनच माघारी फिरलो. इतका भित्रा मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

आपटा चिवट असतो, खोडाला धुमारे फुटले. पुढच्या दसऱ्याला तेही ओरबाडले, उरलेले शेळ्यांनी खाल्ले. तिसऱ्या वर्षी खोड वाळल्याचं कानावर आलं.

माझ्याकडे त्याच झाडाच्या शेंगा होत्या. बिया रुजवल्या, एक रोप जगलं. ते गुडघ्याएवढं झाल्यावर मांडीवर धरून बसनं घेऊन गेलो. बाईनं ओळखलं, पाणी दिलं. वाळलेल्या खोडाला लागून एक झाड लावलेलं होतं, भोवती बोराटीचं कुंपण, बुडाशी ओल. मी सवयीनं पान हातात घेतलं. हा आपटा नाही, कांचन आहे, असं तोंडून निघून गेलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मुद्दाम कांचनच आनला. तुमच्या पोरांनी समद्या गावाला शिकवलंय, ह्यो खोटा म्हनून. आता ह्याला कुनी हात लावत न्हाई."

मग तिनं माझ्या हातातल्या रोपाकडे बघितलं.

"ते माघारी न्या, सर. हितं नको."

ते रोप आता माझ्या गच्चीवर, फुटक्या पिंपात वाढतंय. दसरा जवळ आला की मी त्याच्यावर पोतं झाकतो.