भूमच्या बाजारातली ट्राम

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात ट्राम या विषयावर छातीठोकपणे बोलणारा माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ट्राम त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलेली नाही आणि आमच्या भूमला एकवेळ समुद्र येईल, पण ट्राम यायची नाही. मात्र त्यानं साडूंचं काहीएक अडत नाही. मोजणी खात्यात जन्म घालवून निवृत्त झाले, महिनाभर आढ्याकडं बघत पडून राहिले, आणि एके दिवशी मोबाइलवर परदेशातल्या कुठल्याशा गावची ट्राम बघून जे उठले ते थेट दोनशे पानी वही आणायलाच. तेव्हापासून लग्न असो की मयत, साडूंची गाडी ट्रामवर येतेच. "रेल्वेला वेगळी वाट लागती, पावणं. ट्रामचं तसं न्हाई. रूळ रस्त्याच्या पोटात. वरून बैलगाडी जाऊ द्या, म्हस जाऊ द्या, ती रुसत न्हाई." हे मी निदान चाळीस वेळा ऐकलंय, त्यातलं दोनदा तर तिरडी बांधताना. एका लग्नात ते भर पंगतीतून उठून मांडवाची रुंदी पावलांनी मोजायला लागले. वाढप्यांना जागा कमी पडतेय की काय, म्हणून नवरीचा बाप हात जोडत धावत आला. "इथं ट्राम वळणार न्हाई," एवढा निकाल देऊन साडू पुन्हा जिलेबीवर बसले.

मीही इतरांसारखा हसायचो, खोटं कशाला बोलू. एकदा साडू आंघोळीला गेले असताना ती वही चाळली. वाटलं, वेग असेल, इंजिनाची ताकद असेल. कसलं काय! पानापानावर गावाचं नाव, ट्रामचा रंग आणि पुढं एकच चौकशी: पायरी किती इंच. नऊ. सात. बारा, "बाद". एका पानावर लाल शाईनं, खाली दोन रेघा ओढून: "पायरीच न्हाई. रस्त्यावरून सरळ आत." व्हिडिओ थांबवून थांबवून, उतरणाऱ्या बायांच्या चपलांवरून ही मापं काढलेली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आक्काचे, म्हणजे माझ्या मेहुणीचे, दोन्ही गुडघे गेलेत. एसटीची पायरी तिला चढवत नाही आणि बाजाराच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. दोन वर्षं तिनं बाजार पाहिलेला नव्हता. आणि ही बाई तर आठवडी बाजारावर जगणारी! वांगं अंगठ्यानं दाबून बघायचं, भाजीवालीशी कडाकडा भांडायचं, तिच्याच नातवंडांची खुशाली विचारायची आणि दुपार करून घरी यायचं. आता साडूंनी आणलेली वांगी बघून ती नुसती म्हणते, "आणली व्हय? बरं." त्या 'बरं'ला साडू फार भ्यायचे. त्यांना बिनपायरीची ट्राम हवी होती ती घरापासून बाजारापर्यंत, आणि एका प्रवाशापुरती.

यंदा एका बाजारच्या दिवशी उजाडता उजाडता साडू टेप आणि चुन्याची फक्की घेऊन निघाले आणि घराच्या दारापासून बाजाराच्या पार टोकापर्यंत दोन पांढऱ्या रेघा मारत गेले. ट्राम बसते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पण या माणसानं फक्की मारली की कुणाचं तरी पत्र्याचं शेड जातं, हे गावाला नोकरीच्या काळापासून पक्कं ठाऊक. रस्ता रुंद होणार, अतिक्रमण निघणार, अशी आवई उठली आणि जो तो आपापलं दुकान मागं घ्यायला लागला. चहावाल्यानं भीत भीत विचारलं, "साहेब, आमचं किती फूट जातंय?"

"तुझं काई जात न्हाई बाबा. इथनं ट्राम जाणार हाय."

ट्राम म्हणजे पाडापाडीचं एखादं मशीन असावं, या धास्तीनं त्यानं शेड आणखी दोन फूट मागं घेतलं. नऊ वाजेस्तोवर गल्ली इतकी मोकळी झाली की मी जन्मात तशी पाहिली नव्हती. साडू मधोमध उभे राहून दोन्हीकडं बघत राहिले, मग तडक घरी आले, शेजारच्या मास्तरांच्या आईची चाकाची खुर्ची मागून आणली आणि आक्कापुढं उभी केली.

"अहो, लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. बस तू. हिला पायरी न्हाई."

दोन रेघांच्या मधून खुर्ची चालली. मागं साडू, तोंडानं "टण टण, टण टण", आणि त्यांच्या मागं पिशवी धरून मी. लोक हसले, हसू देत. आक्कानं तासभर वांगी दाबली, भाजीवालीला चार गोष्टी सुनावल्या, आणि मग दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या. माझेही डोळे भरून आले, सांगायला लाज कसली.

आठवडाभरात खरं काय ते गावाला कळलं. दुकानं होती तिथं आली. का येऊ नयेत, त्यांनाही पोट आहे. पुढच्या बाजाराला मी गेलो तेव्हा आक्का इरकल नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर तयार होती. साडू सकाळीच गल्ली बघून आले होते. खुर्ची राहू द्या, सायकल जाईना.

"अहो, किती वाजता निघायची तुमची ट्राम?" आक्कानं विचारलं.

ट्रामबद्दल काहीही विचारा, साडू अर्धा तास थांबत नाहीत. त्या दिवशी खाली मान घालून म्हणाले, "आज संप हाय ट्रामवाल्यांचा."

आक्कानं त्यांच्याकडं बघितलं. तिला काय कळायचं ते कळलं. पिशवीची घडी घालत ती म्हणाली, "मग मिटंल की. एसटीचा मिटतो, तुमचा न्हाई व्हय मिटायचा? बसा हितं जरा."