पाचशे नंबरचा माणूस

शिरोलीच्या फाउंड्रीत लागून दानेश्वरीला तीन आठवडे झाले, तरी गणपतरावांनी तिला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. 'ते नवं मशीन' म्हणायचे, तिलाही आणि तिच्या टेबलावरच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरलाही. साल दोन हजार दोन. सगळी ड्रॉइंगं गणपतरावांच्या ताब्यातल्या जुन्या सर्व्हरवर होती. नवं मशीन त्याला जोडताना नेसरीच्या या पोरीनं सर्व्हरवरच्या माणसांची आणि त्यांच्या नंबरांची यादी चिठ्ठी लिहून मागितली होती. यादी गणपतरावांच्या ड्रॉवरातून बाहेर आली नाही.

पौर्णिमेच्या दिवशी पंपाच्या ड्रॉइंगमधली कवचाची एक भिंत पातळ झाली आणि त्यावरून ओतलेले चाळीस नग भंगारात गेले. सर्व्हर म्हणत होता, बदल गणपतरावांनी केला. गणपतराव तर दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला.

"माझा पासवर्ड चोरलाय हिनं," ते मालकांसमोर म्हणाले. "पोलिसात द्या की."

मालक श्रीशैलअण्णांनी तिला खुलासा करायला संध्याकाळपर्यंत मुदत दिली. दानेश्वरीनं डबाही उघडला नाही. तिनं सर्व्हरवर एक कोरी फाइल करून पाहिली. तिच्या मशीनवर ती तिच्या नावानं दिसली, सर्व्हरवर गणपतरावांच्या. मग तिच्या ध्यानात आलं. सर्व्हर नाव बघतच नव्हता, फक्त नंबर बघत होता. नव्या मशीननं तिला पाचशे नंबर दिला होता, आणि जुन्या सर्व्हरवर पाचशे म्हणजे गणपतराव. म्हणूनच त्यांच्या ड्रॉइंगवर तिला लिहिता आलं. त्या दिवशी माप बघताना रेघ सरकली होती आणि तिनं सवयीनं सेव्ह केलं होतं.

तिनं मालकांना सगळं करून दाखवलं.

"कबूल केलं न्हवं?" गणपतराव खूश झाले.

"चूक माझीच हाय," ती म्हणाली. "पण यादी दिली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. माझी चिठ्ठी तुमच्या ड्रॉवरात हाय."

मालकांनी ड्रॉवर उघडायला लावला. चिठ्ठीवर चहाच्या ग्लासाचा डाग होता. नोकरी राहिली.

तिनं यादी बघून नवा नंबर घेतला, आणि तिची स्वतःची तीन आठवड्यांची ड्रॉइंगं सेव्ह होईनात. सर्व्हरच्या लेखी ती ड्रॉइंगं पाचशे नंबरची, म्हणजे गणपतरावांची होती. मालकी बदलणं गणपतरावांच्या हातात. ती त्यांच्या टेबलाशी गेली.

त्यांनी चष्मा पुसला. "एका ड्रॉइंगला एक अर्ज. लेखी."

त्रेसष्ट ड्रॉइंगं होती. दानेश्वरीनं कागद घेतले आणि लिहायला बसली. या वेळी कार्बन पेपर घालून.