वास्तुशांतीतली मंगल

आमच्या घरात एक काडी पाळलेली आहे. (लोक कुत्री पाळतात. तेवढं आमचं नशीब नाही.) म्हणजे वीतभर लांबीचा काडीकिडा, मादी, नाव मंगल. मुलीची, सईची, लाडकी. सई प्राणिशास्त्र शिकते, मंगल पेरूची पानं खाते आणि ती पानं मी शोधत फिरतो.

नौपाड्यातून कोलशेतच्या नव्या घरात गेलो, तेव्हाची वास्तुशांत. मी मंगलच्या डब्यातली पानं बदलत होतो, तेवढ्यात गुरुजींनी हाक मारली, "यजमान, बसा आता." मी तसाच उठलो. डब्याचं झाकण उघडं आणि शेजारीच समिधांचा ढीग!

होम पेटला आणि सई कानाशी आली. "बाबा, मंगल डब्यात नाहीये. मी खोक्यांत बघते, तू समिधा बघून टाक. तिला काही झालं ना, तर मी तुझ्याशी बोलणारच नाही."

मंगलचं सगळं आयुष्य काडीसारखं दिसण्यात गेलेलं, आणि मी चाळिशी आत विसरलेलो.

"स्वाहा," गुरुजी म्हणाले. मी समिधेवर फुंकर मारली. पाय हलले नाहीत, तेव्हा टाकली.

"म्हणा, इदं न मम."

"इदं न मम." (हे माझं नाही. खरंच नव्हतं हो, सईचं होतं!)

मग मी प्रत्येक काडी उजेडात धरून तिला गुदगुल्या करू लागलो. 'स्वाहा' म्हणून म्हणून गुरुजींचा घसा बसला.

"अहो, काय चाललंय?" बायको दातओठ खात म्हणाली. "पाहुणे उपाशी आहेत."

"समिधा निवडतोय."

"तांदूळ आहेत का ते?"

एवढ्यात कुंडातली एक काडी वळवळली. मी ओरडून हात घातला आणि ती बाहेर ओढली. मंत्र थांबले. पाहुणे उठून उभे राहिले. बायकोने डोळे मिटून घेतले.

सई धावत आली. "बाबा, ही आंब्याची आहे." मग माझ्या पाठीकडे बघून म्हणाली, "हलू नकोस." आणि माझ्या उपरण्यावरून तिने मंगलला अलगद उचललं. मागे बसलेल्या मेहुण्याला ती केव्हाच दिसली होती म्हणे. त्याला वाटलं, विधीतलंच काहीतरी असेल.

सईचे डोळे भरून आले. "भाजलं नाही ना कुठे?"

इतक्या मायेने या घरात मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. लाल झालेली बोटं पुढे करून मी म्हणालो, "थोडंसं."

"तुला नाही रे, बाबा," सई म्हणाली. "आणि जरा सरक, तिच्यावर धूर येतोय."